राघवेंद्र सरांचं घरगुती वेल्डिंग

न्हाई न्हाई, दुसरं काहीबी विचारा, पण वेल्डिंगचं नाव माझ्यासमोर काढू नका... बसा ना, बसा, उभं कामून राहिलात, पण ते तेवढं सोडून बोला, कारण ते नाव निघालं की मला आमचा फ्रिज आठवतो. सगळा उन्हाळा, तुम्हाला सांगतो, सगळा उन्हाळा शेजारच्या राघवेंद्र सरांनी मशीन चालू केली की आमचा फ्रिज बंद, पंखा अर्धमेला आन टीव्हीतल्या बाईचा आवाज बाप्याचा व्हायचा. बायको म्हणायची, जाऊन सांगा की त्यांना. आता काय सांगणार? आमच्या पोराला बारावीचं फिजिक्स त्याच माणसानं शिकवलं, पोरगं पास झालं, मंग त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं की सर, तुमच्या जोडकामापायी आमचं दही आंबायलंय?

तर आधी आमची गल्ली समजून घ्या. लातुरात आता गल्ल्या राहिल्या न्हाईत, नुसती हॉस्टेलं राहिली. ज्याच्या घरात मोकळा कोपरा होता त्यानं तिथं डॉक्टर व्हायला एक पोरगं आणून ठेवलं. जिथं म्हैस बांधत होते तिथं आता उमरीची, भोकरची, बिलोलीची पोरं झोपत्यात. नांदेडची पोरं लातुरात शिकत्यात आन लातूरची नांदेडला, कारण आपल्या घरी राहून कुणी डॉक्टर झालेलं आईबापाला खपतच न्हाई. म्हशीपेक्षा पोरांचं बरं चाललंय म्हणावं तर तेबी म्हणवत न्हाई, म्हशीला कुणी रविवारी सकाळी टेस्टला बसवत नव्हतं.

आन ह्या गल्लीत आमचे राघवेंद्र सर. माणूस लाखाचा, बरं का! एका मोठ्या क्लासमध्ये होते, पोरं खिडकीत बसून ऐकायची. मंग त्या क्लासनं बाहेरून नवे सर आणले, कोटबीट घालून शिकवणारे, आन ह्यांना म्हणले, सर, आता तुम्ही जरा आराम करा. सरांनी आराम केला न्हाई. घरच्या पुढच्या हॉलमध्ये फळा लावला, वरच्या खोलीत पोरं ठेवली, आन वर राहत्यात तीच पोरं खाली शिकत्यात, असा कारभार. म्हंजे वरची पोरं गेली की क्लास गेला, आन क्लास गेला की सर कशाचे सर? नुसते राघवेंद्रराव. हे त्यांच्या सिंधुवहिनींना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आन सरांना तर जेवताना घास घशाखाली उतरू न देण्याइतकं ठाऊक होतं.

त्यात ती खोली स्लॅबची. आता तुम्ही म्हणाल स्लॅबची म्हंजे चांगलीच की. तुम्ही बाहेरचे. आमच्याकडं पोराचा बाप खोली बघायला आला की आधी मान वर करून बघतो. संडास कुठं, पाणी किती येतंय, ते सगळं नंतर. त्र्याण्णवच्या भूकंपाला एवढी वर्षं झाली, पण आमचा माणूस अजून डोक्यावर काय हाय ते बघूनच बूड टेकतो. समोरच्या चंद्रप्पानं हे बरोबर हेरलं. निलंग्याकडचा माणूस, धंद्यात हुशार, त्यानं अंगणात पत्रे ठोकले आन पाटी लावली, ‘पत्र्याच्या खोल्या. निर्धास्त झोप.’ उन्हाळ्यात आत पोरगं ठेवलं तर पापड भाजून निघावा तसं निघतंय, पण आईबाप खूश. लेकरू भाजलं तर भाजलं, दबणार तर न्हाई!

मंग सरांनी ठरवलं, चंद्रप्पाला टक्कर द्यायची तर खोलीचं भाडं कमी करायचं, भाडं कमी करायचं तर पोरं वाढवायची, आन जमिनीवर जागा न्हाई म्हंजे वर जायचं, रेल्वेसारख्या एकावर एक कॉट करायच्या. इथपर्यंत बरोबर हाय का न्हाई? कुणीबी हेच केलं असतं, फॅब्रिकेशनवाल्याकडं जाऊन ऑर्डर दिली असती. सरबी गेले. त्यानं भाव सांगितला. सर म्हणले, जोडायचेच एवढे? तो म्हणला, सर, तुम्ही शिकवायचे घेता, आम्ही जोडायचे. झालं. सर तडक घरी आले आन सिंधुवहिनींना म्हणले, “करंट म्हणजे काय मला ठाऊक हाय, उष्णता म्हणजे काय मला ठाऊक हाय, धातू म्हणजे काय मला ठाऊक हाय. वेल्डिंगमधी मंग उरलं काय? कन्सेप्ट क्लिअर असला की झालं.”

कन्सेप्ट क्लिअर असला की झालं! हे वाक्य तेव्हापासून आमच्या मागं लागलं.

आता दुसरा माणूस असता तर त्यानं चार दिवस एखाद्या दुकानात उभं राहून पाहिलं असतं. सर कुणाचे? लातूरचे! त्यांनी वेल्डिंगचा अभ्यासक्रम काढला. खरंच सांगतो. मोबाइलवर व्हिडिओ बघून नोट्स काढल्या, व्याख्या लाल शाईनं, सूत्रं निळ्या शाईनं. स्वयंपाकघरात सिंधुवहिनी भाकरी थापायल्या आन हे पाठीमागून प्रश्न टाकायलेत, जोड कच्चा राहण्याचं खालीलपैकी कारण कोणतं, अ, ब, क का ड? वहिनी म्हणायच्या, ड. कारण त्यांच्या अनुभवानं ‘वरीलपैकी सर्व’ ड ला असतं. सर म्हणायचे, बरोबर. असा लोखंडाला हात न लावता सरांचा पोर्शन पूर्ण झाला, वर दोन वेळा रिव्हिजन.

मंग मशीन आली. मिग मशीन, ऑनलाइन, सगळ्यात स्वस्त. सर मला म्हणले, काडीच्या वेल्डिंगला हात बसावा लागतो, ते अडाण्याचं काम, ह्यात गनचा घोडा दाबला की तार आपोआप बाहेर येती आन वितळून बसती, विज्ञान हाय. मी म्हणलं, सर, ह्याला गॅसची टाकी लागती म्हणत्यात, हवा लागू नये म्हणून. ते म्हणले, टाकी कट केली. बिनगॅसची तार मिळती, तिच्या पोटातच मसाला असतो, धूर करून तोच हवा अडवतो. बरं. मी म्हणलं, तोंडावर ते काळ्या काचेचं हेल्मेट? तेबी कट केलं. का? तर सरांकडं ग्रहण बघायचा चष्मा होता. कागदी! मागं पोरांना सूर्यग्रहण दाखवायला आणलेला. “सूर्य चालतो त्यातून,” सर म्हणले, “मंग ही ठिणगी काय चीज हाय?” कन्सेप्ट क्लिअर!

त्या संध्याकाळी सर ओसरीत आडवे. डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या, डोळ्यातनं धार, वाळू घातल्यावानी खुपायलंय म्हणत्यात, आन वहिनी बाजूला बसून उरलेल्या बटाट्याची भाजी चिरायल्या, एकच विळी, तिकडून चकती डोळ्याला, इकडून फोड पातेल्यात. मी बघायला गेलो तर सर मला आवाजावरून ओळखून म्हणले, चष्मा कडेनं उघडा राहतो, एवढंच बारीक राहून गेलं. दुसऱ्या दिवशी हेल्मेट मागवलं. बचतीत घेतलेल्या हरेक वस्तूनंतर दुसरी वस्तू येतच होती, पण सरांसमोर त्याचा हिशेब कुणी मांडायचा?

आन आता ऐका. खरी हिकमत इथं हाय. कॉटच्या लोखंडी अँगलचे तुकडे कापून झाले, अंगणात पसरले, आन सरांनी काय करावं? सगळ्या तुकड्यांना आधी रंग दिला! लाल रंग, गंजाचा, दोन हात! कामून? तर म्हणले, जोडल्यावर कोपऱ्यात ब्रश जात न्हाई, सुटे तुकडे सगळीकडून नीट रंगत्यात, वेळेचं नियोजन पायजे. पेपर सोडवताना सोपे प्रश्न आधी, तसं. रंगवणं सोपं म्हणून ते आधी, जोडणं अवघड म्हणून ते नंतर! आता तुम्ही हसायलात, पण सांगा, असा विचार करायला लातूरचाच माणूस लागतो का न्हाई?

मंग त्या रंगावर जोडकाम. कशाला लोखंड भेटतंय तारंला? रंग जळायला, फटफट आवाज, शिंतोडे अंगणभर, धूर आमच्या खिडकीत, फ्रिज बंद, आन जोडाच्या जागी काय, तर इडलीवानी भोकंभोकं असलेलं एक टेंगूळ. सर बोट लावून म्हणले, दिसायला जरा खडबडीत हाय, पण आतून पक्कं हाय. पोरांनासुद्धा सर असंच म्हणत्यात, दिसायला मार्क कमी हायेत पण आतून हुशार हाय. पहिली कॉट वर नेऊन उभी केली. सर स्वतः चढून बसले. कॉट कुरकुरली. सर म्हणले, लोखंड सेट व्हायलंय.

वहिनींनी तेवढं एक शहाणपण केलं, कॉटच्या वरच्या कप्प्यावर पोरगं झोपू दिलं न्हाई. म्हणल्या, आधी सामान ठेवून बघा. मंग पोरांनी आपापली टेस्ट सिरीजची पुस्तकं वर रचली. आन तुम्हाला सांगतो, त्या पुस्तकांचं वजन म्हंजे... एका पोराला डॉक्टर करायला एवढा कागद लागतो, की तेवढ्यात अख्खा दवाखाना बांधून व्हावा.

दुपारची वेळ. खाली हॉलमधी सर शिकवायलेत, पोरं लिहून घ्यायल्यात, आन वर धडाम! असा आवाज, असा की हॉलचा पंखा डुलायला लागला, फळ्यावरचा खडू खाली, स्लॅबची पापडी सरांच्या डोक्यावर. आन सर, भौतिकशास्त्राचे सर, ज्यांनी कंपनं ह्या धड्यावर पिढ्या घडवल्या, ते ओरडले, “भूकंप!” आन पळाले. पोरांच्या आधी! पोरं दाराशी पोचेपर्यंत सर रस्त्यात, एका पायात चप्पल, हातात डस्टर. मीबी पळालो, खोटं कशाला बोलू, भांगात कंगवा तसाच. चंद्रप्पा पळाला, त्याची पत्र्यातली पोरं पळाली, सगळी गल्ली रस्त्यावर.

आन धुरपताबाई. ती आमच्या कोपऱ्यावर राहती. औशाकडची म्हातारी, त्र्याण्णव साली गावातलं सगळं घर मातीत ठेवून एकटी लातुरात आली. ती रस्त्याच्या मधी उभी राहिली अनवाणी आन एकेका पोराच्या डोक्याला हात लावून मोजायली, आपली न्हाईत, कुणाची कोण, तरी मोजायली. गल्लीत आम्ही सगळ्यांना हसतो, मलासुद्धा हसत्यात, पण धुरपताबाईला कुणी हसत न्हाई. त्या वेळी मलाबी हसू आलं न्हाई.

थोड्या वेळानं सर धीर करून वर गेले. खोलीत बघत्यात तर काय? भिंत जागेवर, स्लॅब जागेवर, आन कॉट जमिनीवर, चारी जोड सुटलेले, पुस्तकांचा ढीग. भूकंप कसला, सरांचं वेल्डिंग होतं ते! हे मला कसं ठाऊक? पुढं सरांनी स्वतःच साऱ्या गावाला ओरडून सांगितलं, ते येईलच. पण त्या घडीला सर जिना उतरून खाली आले तेव्हा गल्ली त्यांच्याकडंच बघायलेली, आन धुरपताबाईनं विचारलं, “सर, भूकंपच न्हवं?”

आता बगा, तिथं खरं सांगून टाकायचं. पण सांगणार कसं? पोरं मागं ठेवून हा माणूस पुढं पळालेला. भूकंप असला तर माणूस पळाला, आन भूकंप नसला तर सर स्वतःच्याच कॉटला भिऊन पळाले! सरांनी घसा खाकरला आन म्हणले, “हाव. पण सौम्य होता.” एवढ्यावर थांबावं का न्हाई? न्हाई! म्हणले, “रिश्टरवर साधारण तीनच्या आसपास.” आकडासुद्धा दिला!

मंग काय विचारता. मास्तर म्हणला असता तर कुणी ऐकलं नसतं, पण फिजिक्सचे सर म्हणले, आकड्यासकट म्हणले! घटकाभरात बातमी मोबाइलवरून भोकरला, उमरीला, बिलोलीला. टीव्हीवर काही आलं न्हाई, तर लोक म्हणले, दाबायलेत. आन सरांना फोनवर फोन. कुणी विचारलं न्हाई की सर, पोरगं अभ्यास करतंय का. सगळ्यांचा एकच सवाल, खोली स्लॅबचीच हाय न्हवं? समोर चंद्रप्पा आपल्या पाटीवरची धूळ पुसून घ्यायला. त्यानं मला हाक मारून सांगितलं, “अप्पा, आमी मदलंच सांगितलो होतो की, पत्राच छलो.” पत्राच चांगला, हे आधीच सांगितलं होतं म्हणे!

तेव्हा सरांच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलोय. इज्जत वाचवायला भूकंप आणला, आन भूकंप सगळी पोरंच घेऊन चालला. सिंधुवहिनी म्हणल्या, “खरं सांगा. लोक हसतील, पण पोरं राहतील.” आन सर निघाले हो! हे मात्र मानलं. मोठ्या अभिमानाचा माणूस, घरोघर जाऊन म्हणायला, भूकंप नव्हता, माझं वेल्डिंग कच्चं होतं, कॉट पडली. आन लोक? लोक हात जोडायले! म्हणले, सर, तुमचं मन मोठं हाय, आम्हाला धीर द्यावा म्हणून तुम्ही दोष आपल्या अंगावर घ्यायलात. मी म्हणलं, अहो, खरंच हाय ते, मी त्यांचे जोड बघितलेत. तर मला म्हणले, तुम्ही गप बसा, एवढा शिकलेला माणूस, त्याचं वेल्डिंग कच्चं कसं राहील? कन्सेप्ट किती क्लिअर हाय त्यांचा! बगा आता!

रविवारी पोरांचे बाप गाडी करून आले. पुढं भोकरचे व्यंकटराव, तिथल्या शाळेत क्लार्क, शांत माणूस, पण ट्रंका न्यायला दोरी घेऊनच आलेला. सर म्हणले, “व्यंकटराव, माझ्या बोलण्यावर जाऊ नका. डोळ्यांनी बघा. मी तुमच्यासमोर जोडतो, तुमच्यासमोर हातोडा मारतो, कसं फटकन सुटतंय ते बघा, आन मंग ठरवा.” कोण माणूस स्वतःची नालायकी सिद्ध करायला एवढी धडपड करतो? पण सरांचा जीव त्यात अडकला होता. हॉलमधल्या खुर्च्या अंगणात मांडल्या. बाप बसले, पोरं मागं उभी, धुरपताबाई पायरीवर, चंद्रप्पा फाटकात.

आन तिथं घात झाला. कसा? सरांनी समोर माणसं बसलेली बघितली! कितीतरी दिसांनी एवढी माणसं समोर, सगळी गप, सगळ्यांचं ध्यान सरांकडं. सरांचा आवाजच बदलला. “तर मिग वेल्डिंग म्हणजे काय,” म्हणले. मी मनात म्हणलं, मेलो. सरांनी दोन तुकडे उचलले. लाल रंगाचे. बघितले, बाजूला ठेवले, म्हणले, जोडाची जागा नेहमी स्वच्छ असावी. आन कोरे तुकडे घेऊन घासायला लागले, चकचकीत होस्तोवर! अर्थिंगचा चिमटा नंगं लोखंड बघून लावला. मंग मशीनचं झाकण उघडून म्हणले, गॅसची तार असेल तर गन प्लसला, बिनगॅसची असेल तर गन मायनसला... आन थांबले.

गन प्लसला होती. सगळा उन्हाळा प्लसलाच होती! मला दिसलं, सरांना दिसलं, दारातल्या वहिनींनाबी त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. वहिनी नुसती मान हलवायल्या, राहू द्या, राहू द्या तशीच. आन खरंच, तशीच ठेवली असती तर काम फत्ते होतं, जोड कच्चा, पोरं घरात. पण समोर माणसं शिकायला बसलेली! तीस वर्षं ज्यानं कुणाला चुकीचं शिकवलं न्हाई, त्याचा हात राहतो होय? सरांनी पाना घेतला, तारा बदलल्या, म्हणले, “हे नीट लक्षात ठेवा, इथं सगळेच चुकतात.” हेल्मेट खाली ओढलं, घोडा दाबला. फटफट न्हाई, शिंतोडे न्हाई, कढईत बारीक भजी तळल्यावानी एकसुरी आवाज.

हेल्मेट वर केलं. जोड कसा, तर चांभारानं नेटानं घातलेल्या टाक्यावानी! सरांचा चेहरा उजळला, आन लगेच उतरला. हातोडा घेतला, मारला. काही न्हाई. परत मारला, न्हाई. शिकंज्यात अडकवून मारला, लोखंड वाकलं, पण जोड हलायला तयार न्हाई. सर घामाघूम, म्हणले, “एक मिनिट, सुटतो, सुटतो!” व्यंकटराव उठले, सरांच्या हातातला हातोडा हळूच घेतला, आपणबी एक हाणला, तरी न्हाई. मंग ते सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणले, “राहू द्या सर. असलं काम भूकंपाबिगर पडत न्हाई.”

आन ट्रंका निघाल्या. एकेक करून, जिन्यावरून, समोर चंद्रप्पाच्या पत्र्यात. पोरं सरांच्या पाया पडून जायली, सर पाठीवर हात ठेवायले, अभ्यास करा म्हणायले, आन दुसरा हात अजून त्या जोडावरच. शेवटची ट्रंक व्यंकटरावांच्या पोराची. ती उचलताना कडी निखळली. व्यंकटराव घुटमळले, म्हणले, “सर, मशीन चालूच हाय तर... तेवढी कडी जोडून देता का?”

सरांनी ट्रंक जवळ ओढली. कडी घासली, हेल्मेट खाली घेतलं, जोडून दिली.